श्री. की स्व.?

अकोल्याहून छापखानेवाल्याचा फोन आला.

"सर, पत्रिकेचा मजकूर भेटला. त्यात खुशालराव गावंडे लिहलं हाये. त्याच्या आंधी काय टाकू? श्री. का स्व.?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर, एकच अक्षर हाये. सांगून टाका ना."

मला सांगता येईना. माझं नाव मुजम्मिल. लोणझरीत मराठीत एम.ए. झालेला मी एकटाच. त्यामुळे गावातल्या लग्नपत्रिका, सत्काराची भाषणं आणि श्रद्धांजलीचे फलक माझ्याकडे येतात. जिवंत माणसाला श्री. लावतात, मेलेल्याला स्व. हे मला पक्कं माहीत आहे. खुशालराव गावंडे या दोहोंपैकी कोण, हे गेल्या तीन वर्षांत पोलिसांनाही ठरवता आलेलं नाही.

ते माझे मित्र होते. आहेत. मलाही क्रियापद सापडत नाही.

खुशालभाऊ माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे एक तीनचाकी ॲपे आणि तिच्या टपावर दोन भोंगे. मूर्तिजापूर ते दर्यापूर या पट्ट्यातल्या वीस-बावीस गावांत जे काही मोठ्यानं सांगायचं असेल ते खुशालभाऊ सांगत. उद्या नळ येणार नाही. साड्यांचा सेल लागला. काळी बकरी सांडली, सापडल्यास आणून द्यावी. अमुक वारले, अंत्ययात्रा राहत्या घरून दहा वाजता. आमचा भाग खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. खुशालभाऊ त्याच पाण्यानं गुळण्या करायचे आणि म्हणायचे, आवाज टिकला तो यानंच.

रोज दुपारी चारला एसटी थांब्याजवळच्या टपरीवर ते मला घोषणा लिहायला बसवायचे. आमची मैत्री तिथं झाली. मैत्री म्हणजे मी लिहायचं आणि त्यांनी कापायचं.

मी लिहिलं, "कृपया सर्व ग्रामस्थांनी नोंद घ्यावी."

"कृपया काढ."

"काहून भाऊ?"

"कृपया म्हटलं की मानूस ऐकतच नाई. त्याले वाटते, दुसऱ्यालेच सांगून रायला."

मी लिहिलं, "दुःखद निधन झाले आहे."

"दुःखद काढ."

"भाऊ, निधन दुःखदच असते."

"कोनं सांगतलं? त्याच्या सुनेले इचारून पाय."

विद्यापीठात दोन वर्षं माझं एकही वाक्य कोणी कापलं नव्हतं. इथं चहा थंड होईपर्यंत चार शब्द उरायचे. ते चार शब्द मात्र बावीस गावांत ऐकू जायचे.

त्यांच्या हातून एक चूक झाली होती. गाव तिची आठवण अजून काढतं. नत्थुजी नावाचे आमच्या गल्लीतले म्हातारे आठ दिवस लेकीकडे, धामणगाव रेल्वेला गेले होते. एका सकाळी लेकीनं खुशालभाऊंना फोन केला. म्हणाली, "भाऊ, घरी सांगा, बाबा गेले." पॅसेंजरनं गेले, असं तिला म्हणायचं होतं. तेवढ्यात फोन कटला. तासाभरात बावीस गावांत नत्थुजी वारले. दुपारी दोनला नत्थुजी हातात पिशवी घेऊन एसटीतून उतरले. त्यांच्या अंगणात साठ माणसं बसली होती. तिरडीचे बांबू येऊन पडले होते.

नत्थुजींनी टोपी काढली. दारातल्या बायकांना हळूच विचारलं, "कोन गेलं व?"

एकीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिथंच बसली.

तेव्हापासून गाव त्यांना स्वर्गीय नत्थुजी म्हणतं. ते ओ देतात. आणि तेव्हापासून खुशालभाऊंनी नेम केला. मेलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भोंगा लावायचा नाही. कुठल्याही गावचं मरण असो, आधी पायापाशी उभं राहायचं, तोंड बघायचं, मग बॅटरी जोडायची. रडणारी माणसं चिडायची.

"अरे, डाक्टर सांगून गेला ना!"

"डाक्टरचं काय जाते? थो जिता निंगाला तं लोकं मले मारतेत."

असा काळजी घेणारा माणूस तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, मंगळवारी, पावणेदहाच्या एसटीनं अकोल्याला निघाला. अंगात चॉकलेटी स्वेटर. पिशवीत भोंग्याचं जळालेलं युनिट. कंडक्टरनं त्यांना मूर्तिजापूरच्या स्टँडवर उतरताना पाहिलं. चहाला उतरले की कायमचे, हे त्याला सांगता आलं नाही. अकोल्यात युनिट दुरुस्त करणारे वलीभाई म्हणाले, "आएच नहीं." फोन बंद. घरात चिठ्ठी नाही. भांडण नाही. ॲपे दारात उभी.

पोलिसांनी कागदावर लिहिलं: वय त्रेपन्न, रंग सावळा, बांधा मध्यम. या वर्णनावर वर्षभरात चार खुशालराव सापडले. त्यांतला एक पंचवीस वर्षांचा होता आणि त्याला घरी जायचंच नव्हतं.

मग पोलीस थकले. गाव थकलं नाही.

पहिल्या आठवड्यात बिबट्यानं नेलं. आमच्याकडे लपायला धड झुडूप नाही, नुसती तूर आणि हरभरा. तरी तो बिबट्या मेळघाटातून ऐंशी किलोमीटर चालत आला, मूर्तिजापूरच्या स्टँडवर शिरला आणि एवढ्या प्रवाशांतून नेमका एक उचलून परत गेला. बिबट्याला तिकीटही काढावं लागलं नाही.

दुसऱ्या महिन्यात बाई निघाली.

"सुरतेत दुसरं घर हाये त्याचं," टपरीवर एकानं सांगितलं.

"तू पायलं?"

"पायलं नाई म्हनून तं दुसरं. पायलं असतं तं पयलंच नसतं का?"



मग कोणी तरी चिखलदऱ्याला सहलीला गेलं. कॉफीच्या मळ्याच्या कुंपणाशी एक दाढीवाला बाबा दिसला. "खुशाल!" म्हणून हाक मारली तर बाबा उठून चालू लागला.

"खुशाल असता तं बोलला असता लेका. थो तं झोपेतबी बोले."

"मौन घेतलं असन."

खुशालभाऊंनी मौन घेतलं, हे गावाला फार आवडलं. दोन महिने पुरलं.

नत्थुजींचं म्हणणं वेगळं. "थो ज्याच्या-त्याच्या मढ्याचं तोंड पाये. कुठं तरी असं तोंड पायलं असन, जे दाखवाचं नोतं. डोयानं पायाची सवय वंगाय." एवढं बोलून ते इकडेतिकडे बघायचे आणि चहाचे पैसे न देता उठायचे.

माझी आई हलीमाबी एकदाच बोलली, तेही तांदूळ निवडता निवडता. "दिनभर सबको सुनाता था वो. उसकी कौन सुनता था?"

बिबट्यावर मी हसलो होतो. यावर हसता आलं नाही. मी त्यांच्याबरोबर रोज तासभर बसायचो. त्यांनी माझी किती वाक्यं कापली ते मला पाठ आहे. त्यांना काय खुपत होतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

"एम.ए. झाला अन तुह्यापाशी एक थेरी नाई?" टपरीवर विचारतात. नाही. चार वाजले की मी तिथं जातो. कोणी काही कापत नाही. चहा गरम असतो.

खुशालभाऊंची बायको सुभद्रावैनी टपरीवरचं काही ऐकून घ्यायच्या नाहीत. शेतावर जायच्या, दोन बकऱ्या सांभाळायच्या, आठवड्यातून दोनदा ॲपे सुरू करून ठेवायच्या, बॅटरी उतरू नये म्हणून. कपाळाचं कुंकू जसंच्या तसं. कोणी फार हळहळलं तर म्हणायच्या, "तुमचे रोज घरी येऊन काय उजेड पाडतेत?"

आणि आता उत्तमरावांच्या वर्षालीचं लग्न ठरलं. उत्तमराव म्हणजे खुशालभाऊंचे धाकटे भाऊ. वर्षालीला लहानपणी वैनींनीच सांभाळलं. वैनींना मूलबाळ नाही. पत्रिकेत घरच्या मोठ्या माणसाचं नाव यायलाच हवं. श्री. लिहावं तर पाहुणे मांडवात विचारणार, कुठं आहेत? स्व. लिहावं तर विचारणार, तेरवीला काहून नाई बलावलं?

छापखानेवाल्याचा प्रश्न मी उत्तमरावांना सांगितला. त्यांनी संध्याकाळी पूजा सांगणाऱ्या गुरुजींनाच वैनींच्या ओसरीवर आणून बसवलं. मला बोलावलं होतं. नत्थुजींना बोलावलं नव्हतं, ते आले.

गुरुजी म्हणाले, "बेपत्ता माणसासाठी शास्त्रात सोय आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा. डोक्याला नारळ, अंगाला जवाच्या पिठाचा लेप. त्याला अग्नी द्यायचा. पुढचे दिवस रीतसर."

"कितीक वर्सांनं करतेत हे?" नत्थुजींनी विचारलं.

"बारा."

"अन झाले तं तीनच."

गुरुजींनी उत्तमरावांकडे पाहिलं. "वय, परिस्थिती, घरातलं कार्य. असं पाहून कमी करता येतात."

शास्त्रात बारा, कोर्टात सात. उत्तमरावांनी घासाघीस करून तीनवर आणली होती.

वैनी चौकटीला टेकून उभ्या होत्या. "भाऊजी, तुमच्या भावानं डोयानं पायल्याशिवाय कोनाले मारलं नाई. तुमी त्यालेच न पायता मारून रायले?"

"वैनी, म्या काय हौसेनं करून रायलो? बैठकीत सोयरे इचारून रायले, भाऊ जिता हाये का मेला. वर्षालीचं लगन मोडलं तं?"

वैनींनी वर्षालीचं नाव ऐकलं आणि त्यांची धार गेली. पुतळा जाळला की त्या विधवा. नाही जाळला तर पोरीचं लग्न अडलं. उत्तमराव याहून वाईट शब्दांत सांगू शकले नसते.

वैनींनी गुरुजींना विचारलं, "अन पुतया जायल्यावर थे आले तं?"

"तर त्याचा नवा जन्म धरतात," गुरुजी म्हणाले. "जन्माचे संस्कार पुन्हा. बारसं. मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"म्हंजे पायन्यात घालाचं?" नत्थुजींनी विचारलं.

"विधीपुरतं."

"सत्तावन किलोचा होता. पायना कोनता सुतार करन?"

"नत्थुजी, तुमी गप बसा," उत्तमराव ओरडले.

"काहून बसू? इथं मेलेला मी एकटाच हाये. मले इचारा ना. मेल्यावर परत आलो तं बायको म्हने, आता आलेच हा तं दूध घेऊन या."

वैनी हसल्या. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग पदर खोचून म्हणाल्या, "करा पुतया. गुरुवारी करा. पन आंधी मले सांगून पाहू द्या."

"कोनाले सांगता?"

"त्याइले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ॲपे चालवायला बसलो. वलीभाईंनी पहिल्या एसटीनं दुसरं युनिट पाठवलं होतं. मी रात्रभर जागून मजकूर लिहिला होता. वैनींनी तो घडी करून सीटखाली ठेवला आणि माईक हातात घेतला.

वैनींनी लग्नाच्या पस्तीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आमच्याकडच्या त्या पिढीच्या बायका काढत नाहीत. पोलीस स्टेशनातसुद्धा नाव मी सांगितलं होतं. भोंगा खरखरला.

"खुशालराव गावंडे. मी सुभद्रा बोलून रायली. जिथं असान तिथं आयका. गुरुवारी अकरा वाजता तुमाले जायून टाकनार हायेत. भाऊजीनं ठरवलं. जिते असान तं त्याच्या आंधी या. मांगून आले तं तुमाले पायन्यात घाला लागते म्हनते. मी घालनार नाई. आन दुसऱ्यांदा लगनबी करनार नाई. पयल्यांदाच पुरलं. यायचं असन तं सोता या, दुसऱ्याच्या हातानं निरोप धाडू नोका. गुरुवार. अकरा."

माझा पाय ब्रेकवर गेला. समोरच्या गच्चीवर वाळवण घालणारी बाई तशीच वाकून राहिली. मागून वैनी म्हणाल्या, "थांबला काहून? चाल समोर."

बावीस गावं केली. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसला. एकाही गावात त्यांनी मजकूर बदलला नाही. मी लिहिलेला कागद अजून सीटखालीच असेल.

गुरुवारी सकाळी नऊपासून माणसं येऊ लागली. आठवडी बाजाराला एवढी नसतात. भजीवाला आला. कुल्फीवाला आला. बिबट्यावाले, सुरतवाले, मौनवाले सगळे आपापल्या बाजूनं उभे राहिले. वैनींच्या अंगणात पुतळा तयार होता. गुरुजींनी काम चोख केलं होतं. नारळ गुळगुळीत सोलून घेतलेला; खुशालभाऊंना केस नव्हतेच. लोक येऊन बघत आणि "सेम" म्हणत.

वैनींनी एकदाच पाहिलं. "उंच केला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

अकराची एसटी आली. सारं अंगण तिकडं धावलं. मीही धावलो. तीन माणसं उतरली. दोन शेजारच्या गावच्या बायका. तिसरा खताच्या कंपनीचा माणूस. रंग सावळा, बांधा मध्यम. गर्दीनं त्याला घेरलं. त्याच्या हातातलं पाकीट पडलं. "मी काय केलं?" एवढंच तो म्हणत होता.

खुशालभाऊ आले नाहीत.

मला वाटलं होतं येतील. एवढं मोठ्यानं बोलावलं होतं. मी थांब्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. एसटी निघून गेली. मी पुढची बघायला लागलो. पुढची साडेबाराची.

तेवढ्यात अंगणाकडून आरोळी आली, "धरा! धरा!"

आम्ही उलटे धावलो. पुतळ्याजवळ कोणीही नव्हतं. वैनींच्या दोन्ही बकऱ्या होत्या. जवाचं पीठ छातीपासून गुडघ्यांपर्यंत चाटून साफ झालं होतं. पळसाची पानं अर्ध्याहून जास्त गेली होती. एकीच्या तोंडातून डावा हात लोंबत होता.

उत्तमरावांनी कपाळावर हात मारला. "दावं कोनं सोडलं?"

वैनी दारात उभ्या होत्या.  दावं कोणी सोडलं ते मी पाहिलेलं नाही. मी थांब्यावर होतो.

"गुरुजी, आता?" उत्तमराव रडकुंडीला आले. "दुसरा करा. लगेच करा."

गुरुजी पायरीवर बसले. उरलेला पुतळा उलटा करून पाहिला. "अर्ध्या विधीत बकरीनं खाल्लेल्या पुतळ्याचं मी कुठं वाचलेलं नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं मीच ताणूनतूणून बसवली होती. नको. बारा होऊ द्या."

"अन लगन?"

"लग्नाचं काय?"

"सुतक? घरचा मोठा असा लटकून असल्यावर कन्यादान चालते का?"

"न चालायला काय झालं? माणूस गेल्याची खात्रीच नाही तर सुतक कुठून लागेल? करा खुशाल."



"हे आंधी काहून नाई सांगतलं?" उत्तमरावांनी विचारलं.

"तुम्ही लग्नाचं विचारलंच नाही. पुतळा कसा करतात, ते विचारलं."

नत्थुजींना एवढं हसू आलं की त्यांना पाणी द्यावं लागलं. गर्दी हळूहळू भज्यांकडे वळली. जाता जाता तिला नवी थिअरी मिळाली होती: खुशालरावाला बिबट्यानं नाही, बकरीनं खाल्लं. ती अजून चालू आहे.

उत्तमराव वैनींसमोर आले.  "वैनी, सोयऱ्याइले मी सांगतो. काय सांगतो ते माहीत नाई, पन सांगतो."

"चहा घ्या," वैनी म्हणाल्या.

चहा घेतानाच छापखानेवाल्याचा पुन्हा फोन आला; मी तो स्पीकरवर टाकला. चार दिवसांतला सहावा. "सर, आता तं प्लेट बनवा लागते. श्री. का स्व.?"

"श्री.," मी म्हणालो.

"बरं. मंग बाजूला बाईचं नाव येईन. सौ. सुभद्राबाई. बरोबर?"

वैनींनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"सौ. काढा," त्या म्हणाल्या. आवाज अजून बसलेलाच होता.

"मंग श्रीमती टाकू?"

"थेबी नाई."

"बाई, कोरं नाव बरं दिसत नाई पत्रिकेत."

"तीन वर्सं सारं गाव ठरवून रायलं, मी कोन हावो ते. आता तुमी नोका ठरवू. सुभद्रा गावंडे लिहा. बस."

छापखानेवाल्यानं मला परत फोनवर मागितलं. मी मराठीत एम.ए., म्हणून त्याला माझ्याकडून नियम हवा होता. मी म्हणालो, बाई सांगतात तसं छाप.

पत्रिका छापून आल्या. पाचशे. श्री. खुशालराव गावंडे, आणि शेजारी नुसतं सुभद्रा गावंडे. उत्तमरावांनी पहिलं पाकीट उघडलं, डोळे बारीक करून वाचलं, आणि म्हणाले, "हे सुटून गेलं वाटते."

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."